पूजेला बसलेला पंप

पंप पूजेला बसला होता आणि मितेशचा श्वास अडकला होता.

शाळेची खंडेनवमी. पालकही हजर. शिपाई कमलाकरने उत्साहाच्या भरात दिसेल ती वस्तू टेबलावर मांडली होती. शाळेची घंटा, बसची चावी, संगणकाचा माउस आणि शाळेच्या नर्स वसुंधरा सिस्टरांच्या खोलीतला दम्याचा पंप, नळीसकट. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्यात धुपाचा असा काही धूर केला, की तिसरीतला मितेश मटकन खाली बसला आणि त्याच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली.

सिस्टर धावत आल्या, पंपाला हात घातला. तोच संस्थेचे अध्यक्ष महादेवशेठ आडवे आले. ओवे गावचे जुने जमीनदार, शब्दाला वजन.

"पूजेला बसलेलं हत्यार उद्यापर्यंत खाली उतरवायचं नाय, सिस्टर. आनि दमा कसला? आमच्या घरात कुनाला हाय का? पानी द्या पोराला."

हे नेहमीचंच. दर पालकसभेत सिस्टर विचारायच्या, कुणाच्या मुलाला दमा आहे का? सगळे छताकडे बघायचे. मितेशची आई तेवढी बोलली होती. शेठची नात प्रांजल कवायतीच्या तासाला हमखास सिस्टरांच्या खोलीत येऊन बसायची, पण घरून कारण यायचं पोटदुखीचं.

मितेशचे ओठ काळवंडायला लागले. सिस्टरांना रडू यावं इतका राग आला, पण वाद घालायला वेळ कुठे होता? त्यांनी धुपावर तांब्यातलं पाणी ओतलं, मितेशला उचललं आणि सरळ टेबलावर, घंटा आणि माउसच्या मधोमध बसवलं. फूल बाजूला केलं, पंप तिथल्या तिथे जोरात हलवला, नळी त्याच्या तोंडाला लावली.

"उतरवला नाही हं, शेठ," त्या म्हणाल्या. "मितेश, हळू ओढ बाळा."

अख्खी शाळा बघत राहिली. थोड्या वेळाने शिट्टी थांबली, ओठांवर रंग आला. कमलाकर बिचारा भाबडा. टेबलावर बसलाय म्हटल्यावर त्याने मितेशलाही कुंकू लावलं आणि ओवाळलं. मग काय, पालकांनीही हात जोडले.

सिस्टर मितेशला खाली घेणार, तेवढ्यात शेठ प्रांजलचं मनगट धरून टेबलाशी आले. इकडेतिकडे बघत, खालच्या आवाजात म्हणाले, "हिला पन जरा वर बसवा, सिस्टर. पोट कदी दुखलंच नाय हिचं."