भरपाईचा घोडा

चिंतामणराव कारभाऱ्यांनी अर्ज वाचून संपवला आणि खाली ठेवला.

"टांगा तुझ्या बाजूने चालला होता, हे कबूल. मोटार वळणावर जोरात आली, हेही कबूल. घोडा वाचला नाही. तुझी यात काही चूक नाही, तुकाराम."

जहागिरीच्या कचेरीत आपल्याला कोणी असं म्हणेल, हे तुकारामाच्या ध्यानीमनी नव्हतं. डावा हात गळ्यात बांधून तो धार शहरातून चार कोस पायी आला होता आणि वाटभर त्याने भांडणाची तयारी केली होती.

"तबेल्यातला एक घोडा तुला मिळेल. चांगला, उमदा. टांग्याचं चाकही आमचा सुतार येऊन बसवील," कारभारी म्हणाले. "फक्त एक ओळ बदलायची. मोटार भैयासाहेब चालवीत होते, असं तू लिहवलं आहेस."

"तेच चालवीत होते, रावसाहेब. मी पाहिलं."

"मोटार चालवायला ड्रायव्हर ठेवलेला आहे."

तो ड्रायव्हर, उमाशंकर, दाराशीच उभा होता. अंगात खाकी कोट, हातात टोपी. त्या दिवशी तो भैयासाहेबांच्या शेजारी बसला होता. टक्कर झाल्यावर जहागीरदारांचे चिरंजीव मोटारीतून उतरलेसुद्धा नाहीत. उमाशंकरने मात्र उडी टाकली. उलटलेल्या टांग्याखालून त्याने तुकारामाला ओढून काढलं, आपल्या धोतराचा सोगा फाडून त्याचा हात बांधला, आणि घोड्याची धडपड थांबेपर्यंत त्याच्या मानेवर हात ठेवून रस्त्यातच बसून राहिला.

तुकारामाने त्याच्याकडे पाहिलं. याने 'मीच चालवीत होतो' म्हणावं, की 'मी नव्हतो' म्हणावं, हे तुकारामालाही सांगता आलं नसतं. त्याने काहीतरी बोलावं, म्हणजे आपल्याला बोलावं लागणार नाही, एवढंच त्याला हवं होतं. उमाशंकरने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"याचं काय होईल?" तुकारामाने विचारलं.

"नोकरी जाईल. जहागिरीच्या हद्दीत राहता येणार नाही." कारभाऱ्यांचा आवाज खाली आला. "तरणा माणूस आहे, कुठेही पोट भरेल. अरे, भैयासाहेबांचं नाव राहिलं तर हा कागद इथून पुढे सरकायचाच नाही. मग घोडा तुला कोण देणार? मी?"

बारा दिवस टांगा अंगणात मोडून पडला होता. यमुना परवापासून दुसऱ्यांच्या घरी दळायला जात होती, आणि तिने ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं. तिच्या हातांवरचे फोड पाहून ते त्याला कळलं होतं.

नवा कागद आधीच लिहून तयार होता. कारभाऱ्यांनी तो सावकाश वाचून दाखवला. उमाशंकरचं नाव आलं तेव्हा तुकाराम भिंतीवरच्या खुंटीकडे पाहत राहिला.

"कर सही."

पहिल्या अर्जावर त्याने आपलं नाव आपल्या हाताने लिहिलं होतं. लहानपणी पंतोजींचा मार खाऊन तेवढी अक्षरं तो शिकला होता, आणि ती लिहायची संधी सहसा सोडत नसे. त्याने टाक उचलला, शाईत बुडवला, आणि परत ठेवला.

"अंगठा देतो."

"तुला सही येते ना? या अर्जावर आहे की."

"येत नाही," तुकाराम म्हणाला.

कारभाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दौत पुढे सरकवली.

बाहेर तबेल्याच्या नोकराने घोडा आणून उभा केला. तांबड्या रंगाचा, भरल्या अंगाचा. असं जनावर तुकारामाने टांग्याला कधी जुंपलं नव्हतं. त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

उमाशंकर कचेरीच्या पायऱ्या उतरून आला. कोट आणि टोपी आत ठेवून आला होता. याने आता एखादी शिवी हासडावी, असं तुकारामाला मनापासून वाटलं. उमाशंकर घोड्यापाशी थांबला, वाकला, आणि सवयीने त्याचा मागचा पाय उचलून पाहिला.

"भिया, इसकी नाल ढीली है. धार पहुँचते ही ठुकवा लेना."

"उमाशंकर, मी..."

"अब निकल जाओ. धूप चढ़ जायगी."

त्याने पाय खाली सोडला, हात धोतराला पुसले आणि तबेल्यामागच्या खोल्यांकडे गेला. तिथे त्याची बायको एकेक भांडं बाहेर आणून ओट्यावर मांडत होती. तिला निरोप आधीच पोचला होता.

तुकाराम चार कोसांत एकदाही घोड्यावर बसला नाही. लगाम धरून पुढे चालत राहिला. धारेत नालबंदाच्या दुकानाशी गणोजी टांगेवाला भेटला. त्याने घोड्याभोवती एक फेरी मारली, त्याच्या मानेवर थाप दिली.

"वा! कुणाचा रे हा?"

तुकाराम लगाम खांबाला बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"उमाशंकरचा," तो म्हणाला.