एकेक सोड

टॅबवरचे तेरा प्रश्न झाले, चौदावा राहिला. जनावरांची डॉक्टरीण कुंपणाच्या दगडावर टेकली होती. कळपाला नावं ठेवायला तिला काही सापडलं नव्हतं. लसी वेळच्या वेळी, आणि गोठा तर तिच्या भाड्याच्या खोलीपेक्षा स्वच्छ. हा एक प्रश्न पार पडला की हिरवा कागद, आणि उद्या कळप वरच्या कुरणात. तिथे बारा कळपांना पाण्याचा एकच तलाव, म्हणून तर हा सारा खटाटोप. आजाराचा धोका जास्त दिसला तर लाल कागद. मग उन्हाळाभर खालीच राहायचं, आणि खाली गवताची काडी उरली नव्हती.

"गेल्या हंगामात किती मेंढ्या गाभडल्या? पोटातलंच गेलं अशा किती?" तिने विचारलं.

"एकही नाही म्हणा," फाटकापाशी उभी असलेली मेंढपाळाची बायको नवऱ्याला म्हणाली. "भावजी तसंच म्हणाले, परवाच त्यांना हिरवा कागद मिळाला."

म्हातारा मेंढपाळ हसला. "दोनचार गाभडतातच, बाई. कुणाच्या नाही गाभडत?"

"तीन लिहू?" डॉक्टरीण म्हणाली. ऊन डोक्यावर आलं होतं, अजून दोन कळप बाकी होते, आणि सातच्या आतला कुठलाही आकडा चालणार होता.

म्हातारा हो म्हणता म्हणता थांबला. "अंदाजपंचे नको. कागदावर जायचं तर त्यांनाच विचारू." मग बायकोला म्हणाला, "फाटक उघड. एकेक सोड."

बायकोने कपाळावर हात मारला. "काल चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, आणि निघाले एकशे चाळीस मेंढ्यांचा जाब घ्यायला!" पण तिने फाटक किलकिलं केलं आणि गुडघ्याने वाट अडवून धरली.

मेंढ्या येऊ लागल्या. म्हातारा प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवी आणि बोले. "ही बरी. हिला जुळं झालं, त्यातलं एक काळं. हिचं गेलं, चौथ्या महिन्यात, पुलाच्या अलीकडे. ही बरी. ही आडमुठी, हिची आजीही तशीच होती."

ज्यांचं गेलं त्यांच्या पाठीवर डॉक्टरीण निळ्या खडूची रेघ ओढत होती. मध्येच एक मेंढी कुंपणाच्या खिंडारातून वळसा घालून पुन्हा रांगेत घुसली. "तुझं झालंय गं," म्हातारा तिच्याकडे न बघताच म्हणाला आणि तिला बाजूला सारलं.

आठ वर्षांत हजारो मेंढ्या डॉक्टरिणीच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि तिला त्या अजूनही सारख्याच दिसत. इथे एक माणूस वर्षभराची बाळंतपणं तोंडपाठ म्हणत होता.

शेवटची मेंढी बाहेर पडली. म्हाताऱ्याने वळून कळपाकडे पाहिलं आणि निळ्या रेघा मोजल्या. नऊ होत्या.

"प्रत्येकीच्या वेळी वाईट वाटलं हो," तो हळूच म्हणाला. "घास उतरला नाही. पण बेरीज कधी केलीच नाही."

मग त्याने एकेक रेघ पुन्हा न्याहाळली. "बाई, या नऊही भावाच्या एडक्याला दाखवलेल्या. दरवर्षी त्याचा एडका मी आणतो, माझा तो नेतो. घरचं रक्त घरात नको म्हणून. बापाच्या वेळेपासून चालत आलंय."

"एडक्याकडून आजार येऊ शकतो," डॉक्टरीण म्हणाली. "रक्त तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण तोवर..."

"तोवर लाल," म्हातारा म्हणाला.

"आणि उन्हाळाभर त्यांना चारायचं काय? दगड?" बायकोचा आवाज फुटला. म्हाताऱ्याने खिशातून फोन काढून धाकट्या भावाला लावला.

"उद्या निघतोयस ना? तुझ्या किती गाभडल्या?" त्याने थोडा वेळ ऐकून घेतलं. "ते तू बाईंना सांगितलंस. आता मला सांग." पुन्हा ऐकलं. "अंदाजपंचे नको. फाटक उघड, एकेक सोड. मी फोन धरून आहे."

त्याने स्पीकर लावून फोन कुंपणाच्या दगडावर ठेवला. पलीकडे फाटक करकरलं. धाकट्याचा आवाज आधी वैतागलेला होता, मग सावकाश होत गेला. "ही बरी. ही बरी. हिला दोन झाली. ही बरी." बायको फाटक सोडून जवळ येऊन उभी राहिली. डॉक्टरीण परवा स्वतःच टाइप केलेलं शून्य आठवत होती.

"हिचं..." फोनमधला आवाज अडकला. नुसते खुरांचे आवाज येत राहिले.

"तिच्यावर रेघ ओढ," म्हातारा म्हणाला. "आणि पुढची सोड."