सकाळपुरता विस्तव

ब्रिटनमध्ये वाफेच्या गाड्यांचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी इंजिन शेडमध्ये लावून ईनॉकने रोजच्यासारखा भट्टीत कोळसा रचला, विस्तव राखला आणि दार लोटलं. सकाळच्या पाळीला वाफ तयार मिळावी म्हणून सव्वीस वर्षं त्याचा हात हेच करत आला होता. शेडचा मुकादम क्लेग इंजिनावर चढला आणि भट्टीत डोकावला. "ईनॉक, आज भट्टी रिकामी करायची होती. हे धूड उद्या भंगारात चाललंय. विस्तव कुणासाठी राखलास?" ईनॉक हातातल्या फावड्याकडे बघत राहिला. न्याहारीला हेच भट्टीत धरून तो अंडी तळायचा. "हाताला कुणी सांगितलंच नाही," तो पुटपुटला. "उपसतो आत्ता." क्लेगने फावड्याचा दांडा धरला. "किती वेळ टिकेल?" "सकाळी सहापर्यंत." क्लेगने स्वतःच भट्टीचं दार लोटलं. "मग सहाला ये. येताना चार अंडी आण. दोन माझी."