एकाच पोर्टची

“काकू, दोन पोर्टची घ्या. एकाला हृदय लावा, एकाला मोबाइल,” पॉवर बँक पुढे सरकवत दुकानदार म्हणाला.

कुमुदताई म्हणाल्या, “ह्यांची दोन पोर्टचीच होती. एसटीत शेजाऱ्याच्या छातीवरचा दिवा लाल झाला. पाण्याला कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत, चार्जिंगला कसं म्हणणार? दिलं दुसरं पोर्ट. दोन हृदयांना बँक अर्ध्या वाटेतच संपली. कराड यायच्या आत दोघंही गेले. मला एकाच पोर्टची द्या.”

संध्याकाळच्या एसटीत शेजारी एक मुलगी येऊन बसली. तिच्या ओढणीआडून लाल दिवा मिचमिचत होता, हातात वायर होती.

कुमुदताईंनी पॉवर बँक पदराखाली ओढली.

“एकच पोर्ट आहे गं,” त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या.

मुलीने अजून काही मागितलंही नव्हतं.