टॉवेलाखालचं भांडं

माझे वडील कुस्तीचे वस्ताद. हृदय थकल्यानं अंगात पाणी साचलं, ते लघवीची गोळी वाढवूनही उतरेना. त्यांची डॉक्टर मीच. लघवी मोजायचं भांडं ते लाजेनं टॉवेलाखाली झाकून ठेवायचे. “आबा, जोडीला दुसरी गोळी देते.” “एकीनं भागेना, तिथं दुसरी काय दिवे लावणार?” “एकच डाव रोज टाकला तर समोरचा काय करतो?” “शिकतो.” “मूत्रपिंडही शिकलंय. पहिल्या गोळीनं सुटलेलं पाणी पुढच्या वळणावर परत ओढतं. आता त्याला दोन्हीकडून पकडू.” आबांनी गुमान गोळी गिळली. लहानपणी मी एकही कुस्ती जिंकले नाही. घरातल्या कपाटभर करंडकांत माझा एकही नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला गेले, तर आबा पलंगावर ताठ बसलेले. काठोकाठ भरलेलं भांडं दोन्ही हातांनी उंच धरून अख्ख्या वॉर्डाला सांगत होते, “हा माझ्या पोरीनं जिंकलाय!”