लाल खुणेचा दगड

दगड तपकिरीच होता! अश्लेषानं पुन्हा त्यावरून बोट फिरवलं. गुडघाभर पाण्यात वाकून तिनं टूथब्रशनं तो खरवडला, बाटली भरली आणि उन्हात धरली. आनंदानं ती नाचायची तेवढी बाकी होती.

१९९१ पासून दर महिन्याला ती सांगलीहून एसटीनं इथं येत होती. बंधाऱ्यामुळे कृष्णेचं पाणी या गावाच्या काठाशी तुंबायचं. त्या फुगवट्यातल्या दगडांवर वर्षानुवर्षं कोणतं शेवाळ धरतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. सुरुवातीला दगडांना हिरव्या जटा असायच्या, साबणावर नि शेणामुतावर पोसलेल्या. सहा वर्षांत त्या विरत गेल्या आणि स्वच्छ पाण्यात वाढणारं हे तपकिरी शेवाळ पसरलं. केवढी मोठी गोष्ट! पण तिचे मार्गदर्शक चिंतामण सर यांनी कालच प्रबंधाचे कागद परत केले होते. वरच्या अंगाला नदी होती तशीच घाण आहे, मग इथंच पाणी का सुधारलं? कारण सापडलं नाही तर सही मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

काठावर येऊन तिनं चपला घातल्या आणि पिशवीतून रंगाचा डबा काढला. जागा चुकू नये म्हणून दर पावसाळ्यानंतर ती काठावरच्या उभ्या दगडाला लाल रंग फासायची. दगडावर आजही झेंडूचं फूल होतं. कुठून उडून येतात कोण जाणे, म्हणत तिनं ते बाजूला सारलं.

तेवढ्यात गावातली रंगुबाई धुण्याची पाटी घेऊन बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला निघालेली दिसली. अश्लेषाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पूर्वी धुणं इथंच तर चालायचं!

"मावशी, हल्ली इथं कुणी धूत नाही का?"

"आवं ताई, देवाच्या पुढ्यात साबण कसा लावायचा? म्हसरंबी आमी खालतीच नेतो."

"कुठला देव?"

रंगुबाईनं उभ्या दगडाकडं बोट केलं. "त्यो काय. लय जागृत हाय. दरसाल पाऊस सरला की आपसूक शेंदूर चढतोय त्येला."

अश्लेषानं डबा पाठीमागं लपवला. रंगुबाई दगडाला हात जोडून पुढं गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर अश्लेषानं झेंडूचं फूल उचलून पुन्हा जागेवर ठेवलं. मग चपला काढल्या आणि डबा उघडला.