पहिल्यापासून सांगा

नाशिकच्या मनोरुग्ण विभागात डॉक्टर शालनताईंनी शिकाऊ डॉक्टरांसाठी मोठ्या हौसेने कार्डशीटवर तक्ता आखला होता. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचा वॉर्ड बदलायचा, म्हणजे सगळ्यांना सगळं शिकता येईल.

हरसूलची भागीबाई मात्र नऊ महिने त्याच खाटेवर होती. नवा डॉक्टर आला की म्हणायचा, "मावशी, पहिल्यापासून सांगा," आणि विहिरीत बुडालेला आपला लेक बारकू तिला पुन्हा पहिल्यापासून वर काढावा लागायचा.

आज चौथा डॉक्टर आला. त्याने हसून विचारलं, "मावशी, मुलंबाळं किती?"

भागीबाईने शेजारी उभ्या असलेल्या शालनताईंकडे एकदा पाहिलं, पदर सारखा केला.



"मला लेकरू झालंच नाय, डाक्तर."